मारुतीला कुठपर्यंत?

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

कॉलनीच्या बैठकीत मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या. नगरसेवकांच्या निधीतून आमच्या रस्त्याचा 'आदर्श रस्ता' होणार, आराखडा कॉलनीने द्यायचा, आणि अध्यक्ष सावळीराम तात्यांनी परस्पर माझं नाव पुढे करून टाकलं होतं. "वाल्मीकराव चौतीस वर्षं सरकारी ओव्हरसियर होते! आपल्यात रस्त्यातलं कळणारा दुसरा आहे कोण?"

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मला कोणी काही विचारलं असेल तर एवढंच, की दळण आणलं का. त्यामुळे छाती फुगली हे खरं. घरी येऊन प्रतिभाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बांधलेल्या एका तरी रस्त्यावरून मला पायी चालता आलंय का?"

घरच्यांना किंमत नसते. म्हणून ही वही घेतली. पुढेमागे कोणी विचारलं की हा रस्ता कसा घडला, तर लेखी पुरावा असावा.

१५ फेब्रुवारी, बुधवार

तात्यांचं म्हणणं, रस्ता रुंद करा. त्यांची नवी गाडी वळत नाही. पण मी वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं की रस्ता गाड्यांसाठी नसतो, माणसांसाठी असतो. वाक्य इतकं आवडलं की ते या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, आणि दोन दिवसांत ते मलाच सुचलं होतं असं वाटायला लागलं.

आज फाटकाशी स्टूल टाकून सकाळी सात ते दहा मोजणी केली. पायी माणसं चारशे बारा. सायकली नव्वद. मोटारी अकरा, त्यात तात्यांचीच चार वेळा. चालणाऱ्यांतली निम्मी माणसं आमच्या फाटकासमोर थांबतात, कारण तिथे करंजाच्या झाडाखाली लताबाई बसते. ती, भागीबाई आणि फुलं विकणारी बयाबाई, तिघी मखमलाबादकडच्या मळ्यातून पहाटे माल आणतात. कॉलनी व्हायच्या आधी ही सगळी लताबाईच्या सासऱ्याची वावरं होती. ती मला दर चार दिवसांनी आठवण करून देते, "साहेब, तुमच्या हॉलात आमचा कोबी व्हायचा, लय गोड."

मी मोजतोय हे पाहून तिने विचारलं, "काय मोजता?"

"माणसं."

"मग मला मोजलं का? मी चालत नाय, बसते."

बसणाऱ्यांचा रकाना मी आखलाच नव्हता. नंतर आखू.

३ मार्च, शुक्रवार

आराखडा झाला! दोन्ही बाजूंना फूटपाथ, रंगीत फरशा, चार बाकडी. फूटपाथची उंची नऊ इंच, म्हणजे स्कूटरवाल्यांची वर चढायची छाती होणार नाही.

एकच अडचण होती. रस्ता आमच्या घरासमोर ताटलीसारखा खोलगट आहे, आणि तिथून करंजाच्या बाजूने एक जुना चर मोकळ्या प्लॉटमधून खालच्या नाल्याला जातो. हातभर खोल, गवत माजलेलं, उन्हाळ्यात त्यात कुत्री झोपतात. आदर्श रस्त्याला असला चर शोभत नाही. मी तो बुजवून, खोलगट जागी भराव घालून वरून एका पातळीत फूटपाथ नेला आणि पाण्यासाठी खालून सहा इंची पाइप दाखवला.

लताबाईने नकाशा उलटा धरून पाहिला. मग म्हणाली, "चर कुठं गेला?"

"बुजवणार. पाइप टाकतोय."

"साहेब, हा चर माझ्या सासऱ्यानं खणलाय. वरच्या अंगाचं सगळं पाणी इथून उतरतं. एवढ्याशा नळीतून काय जाईल, उंदीर?"

मी तिला शांतपणे समजावलं. नाशिकला पूर येतो तो गोदावरीला, म्हणजे आपल्या गंगेला. गंगेला किती पाणी आलं हे सांगायला घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. मी लेव्हल काढून हिशेब केला आहे: पाणी मारुतीच्या छातीला लागलं तरी नाल्यातून उलटं चढून आपल्या रस्त्यावर येऊ शकत नाही.

"नदीचं मी म्हणतच नाय. पाणी वरून येतं, वरून," असं म्हणून तिने टेकाडाकडे बोट दाखवलं आणि गिऱ्हाइकाला कोथिंबीर दिली.

इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं की मी मूळचा नांदगावचा. आमच्याकडे पाणी जास्त झालं असं फक्त लग्नातल्या आमटीबद्दल बोलतात. पण डिप्लोमा डिप्लोमा असतो.

९ एप्रिल, रविवार

बैठक. आराखडा मंजूर. मात्र तात्या म्हणाले, आदर्श रस्त्यावर भाजीवाल्या दिसता कामा नयेत, उद्घाटनाला पाहुणे येणार. मी उठून माझं वाक्य म्हणालो, रस्ता माणसांसाठी असतो. तात्या म्हणाले, "अगदी बरोबर. माणसांसाठी. भाज्यांसाठी नाही." लोक हसले. मीही हसलो, याची आता लाज वाटते. पण तेव्हा विनोद बरा वाटला होता.

शेवटी मी मधला मार्ग काढला. खाली नाल्याच्या कडेला मोकळ्या जागेत तिघींना सिमेंटचे ओटे बांधून द्यायचे. मारुतीच्या हिशेबाने त्यांची उंचीही काढली. लताबाईला म्हणालो, "पंधरा दिवस दम धरा, गिऱ्हाईक आपोआप तिकडे येईल. आणि कितीही पूर आला तरी ओट्याला थेंब लागणार नाही, हा माझा शब्द."

तिने करंजाच्या बुंध्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं झाली इथं बसून," म्हणाली. "तुम्ही म्हणता तर जाते. पण हितून उठवलं आणि तिथं धंदा बसला, तर मग मी कुठं जायचं, तेवढं त्या कागदात लिहा."

ते काही मी लिहिलं नाही. आराखड्यात असं लिहायची पद्धत नसते.

२८ मे, रविवार

उद्घाटन झालं. मला श्रीफळ, शाल, आणि तात्यांच्या भाषणात अर्धं वाक्य. माझं वाक्य मात्र नगरसेवकांनी पूर्ण म्हटलं, स्वतःचं म्हणून. चोरावर मोर.

प्रतिभा फूटपाथवर चढायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. तिचे गुडघे गेली पाच वर्षं दुखतात. "नऊ इंच? अहो, हे स्कूटरसाठी अडवलंय की माझ्यासाठी?" असं म्हणून ती रस्त्यावरून चालत गेली. तिच्यामागे जोशीकाकू, मग शाळेची पोरं, मग सगळेच. एवढा देखणा फूटपाथ मोकळा, आणि माणसं गाड्यांमधून.

२० जून, मंगळवार

मोजणी पुन्हा केली. फूटपाथवर चालणारे: सात. त्यातला एक मी, तोही मोजायला गेलो होतो.

ओट्यांवर कोणी फिरकत नाही. खाली उतरायचा लोकांना कंटाळा. भागीबाईने आठवड्यात दोनदा यायचं ठरवलंय. बयाबाईची न खपलेली शेवंती परवा संध्याकाळी नाल्यात गेली. प्रतिभा मात्र रोज मुद्दाम खाली उतरून जाते आणि तासभर येत नाही. गुडघे दुखत असताना पाव किलो वांग्यांना एवढा वेळ का लागतो, कळत नाही. आल्यावर माझ्याशी फार बोलतही नाही. उष्म्याने होत असेल.

८ जुलै

लताबाई रस्त्यात भेटली. पंधरा दिवस झाले का, असं विचारील म्हणून मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून वाकून बसलो. तिने काही विचारलं नाही. "अंगठा तर धड हाय साहेब," एवढंच म्हणून गेली.

३० जुलै, रविवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिलंच पाहिजे.

चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. धरणातून पाणी सोडलं असं सकाळी रेडिओवर सांगितलं. आमच्या सासूबाई, सुमनबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून पुढच्या खोलीत खाटेवर असतात. जन्म गंगेकाठी गेला. पूर म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, "मारुतीला कुठपर्यंत?" सकाळपासून त्यांनी तो सहा वेळा विचारला. म्हणाल्या, "जावईबापू, बघून तरी या."

अख्खं नाशिक पूर बघायला निघालंच होतं. तात्यांनी गाडी काढली. प्रतिभा म्हणाली, "जाऊ नका, समोर पाणी साचायला लागलंय." मी म्हणालो, "पाइप आहे," आणि छत्री घेतली.

पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. कणीसवाल्यांचा धंदा जोरात. मारुतीला पाणी बरोबर गुडघ्यापर्यंत. मी शेजारच्या दोन अनोळखी माणसांना माझा हिशेब समजावून सांगितला: छातीला लागलं तरी आमच्या रस्त्याला धोका नाही. त्यांनी विचारलं, "साहेब इंजिनियर का?" मी म्हणालो, "रस्त्यांचा." दोन कणसं खाल्ली. फार मजेत होतो.

दुपारी बाराला कॉलनीच्या वरच्या टोकाला आलो तर तात्यांची गाडी पुढे जाईना. टेकाडावरून तांबडं पाणी रस्ताभर उतरत होतं आणि आमच्या घरासमोरच्या ताटलीत साठत होतं. पलीकडे माझा नऊ इंची फूटपाथ, खालच्या भरावासकट, बांधासारखा आडवा. पाइपाच्या जाळीत शाळेसमोरच्या सगळ्या वेफर्सच्या पिशव्या. आमच्या फाटकात मांडीइतकं पाणी होतं.

आणि फूटपाथवर लताबाई, लुगड्याचा काचा मारलेला, दोन्ही हातांत पहार, माझ्या रंगीत फरशा फोडत होती. भागीबाई हाताने तुकडे उपसत होती. तात्या गाडीतूनच ओरडले, "ए बाई! सरकारी मालमत्ता आहे ती!" तिने वळूनही पाहिलं नाही. तीन घाव, चौथा घाव, आणि खालची माती खचली. पाणी तिच्या सासऱ्याच्या जुन्या चराने गडगडत गेलं.

मी कमरेइतक्या... नाही, खरं लिहू, मांडीइतक्या पाण्यातून घरात गेलो. खाट पाण्यात होती. सासूबाई जिन्याच्या सहाव्या पायरीवर बयाबाईला टेकून बसल्या होत्या, प्रतिभा त्यांचे पाय चोळत होती. तिघी भाजीवाल्यांनी त्यांना खाटेवरून उचलून नेलं होतं. लताबाईने म्हणे खालच्या ओट्यावरून पाहिलं, एवढा पाऊस आणि चराच्या तोंडातून नाल्यात पाणी पडत नाही. म्हणजे वर अडलंय. ती तशीच धावत आली.

सासूबाईंनी मला पाहिलं. ओठ निळे पडले होते, तरी विचारलंच, "मारुतीला कुठपर्यंत?"

"गुडघ्यापर्यंत," मी म्हणालो.

"आणि मला?"

छत्री हातात उघडीच होती, ती मिटायला लागलो.

खालच्या ओट्यांना, नोंद म्हणून लिहितो, थेंब लागला नाही. माझं गणित तंतोतंत बरोबर होतं.

३१ जुलै, सोमवार

आवराआवर. सासूबाईंना ताप नाही, देवाची कृपा. देवाची म्हणतोय, पण काल देव कोणाच्या रूपात आला होता ते मला कळतं, एवढा काही मी हा नाही.

जिन्याखालची आमची पहार सापडत नाही. नांदगावहून वडिलांनी दिलेली, माथ्याशी लाल रंगात 'वा' काढलेला. पुरात वाहून गेली असणार. एवढं लोखंड वाहून नेणारं पाणी म्हणजे केवढा जोर! प्रतिभाला तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो, फारच जोर होता."

३ ऑगस्ट, गुरुवार

तात्या कागद घेऊन आले. लताबाईवर तक्रार. आदर्श रस्त्याची नासधूस केली, म्हणून तिघींचे ओटे काढून घ्यावेत आणि कॉलनीच्या हद्दीत बसायला कायमची बंदी करावी. खाली तज्ज्ञ म्हणून माझी सही हवी, की फूटपाथ निर्दोष होता आणि फोडायची गरज नव्हती. "तुमचंच नाव वाचेल त्यात, वाल्मीकराव," तात्या हळूच म्हणाले. "नाहीतर लोक विचारतील, चर कोणी बुजवला."

मी सही केली नाही. पण नाहीही म्हणालो नाही. "रविवारच्या बैठकीत बघू," म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत हेच एक वाक्य मी उत्तम शिकलो.

जेवायला पिठलं.

५ ऑगस्ट, शनिवार

पिठलं. काल पण पिठलंच होतं. विचारलं, भाजी नाही का? प्रतिभा म्हणाली, "कोणत्या तोंडाने आणू? तुमची सही व्हायचीय म्हणे." मला वाटलं होतं भांडेल, आदळआपट करील. नुसती माझ्याकडे बघते, कसली तरी वाट बघत असल्यासारखी.

दुपारी पडून विचार केला. बंदी झाली तर लताबाईला मार्केटच्या बाहेर कोण जागा देणार? पन्नाशी उलटलेली बाई. तिने विचारलं होतं, मग मी कुठं जायचं ते कागदात लिहा. मी लिहिलं नव्हतं. आता लिहायची वेळ आली, आणि कागद तात्यांनी लिहून आणलाय. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. उरल्या आयुष्यात कॉलनी मला 'तो चर बुजवणारा' म्हणेल.

पण म्हणेना का. बुजवलाय तर खरा.

६ ऑगस्ट, रविवार

झालं एकदाचं.

हॉल गच्च भरला होता, पाणी शिरलेल्या सहा घरांची माणसं आलेली. दारात तिघी उभ्या. तात्यांनी तक्रार वाचली आणि विचारलं, "ती पहार कोणी दिली हिला? हे ठरवून केलेलं काम आहे!" लताबाईच्या तोंडून एक नाव निघेना. कोणाला तरी सांभाळत असावी, बहुतेक नवऱ्याला.

मी उठलो आणि म्हणालो, "पहार माझी."

"काय?"

"माझी पहार. आमच्या जिन्याखालची. आमच्या घरातूनच दिलेली. पाणी तुंबलं तर फूटपाथ फोडा, असं आम्हीच सांगितलं होतं."

धडधडीत खोटं! साठी उलटल्यावर, भर सभेत.

तात्या म्हणाले, "अहो, तुम्ही तर माझ्या गाडीत होतात. कणीस खात होतात!"

"म्हणूनच घरी सांगून गेलो होतो," मी म्हणालो. आता मागे फिरायची सोय नव्हती. "आणि फूटपाथ निर्दोष नव्हता. चर मी बुजवला. ही बाई मला मार्चमध्येच सांगत होती की पाणी वरून येतं. मी मारुतीकडे बघत राहिलो. तक्रार करायची तर माझ्यावर करा. सासूबाई आज जिवंत आहेत त्या हिच्यामुळे, आणि हिला मी बावीस वर्षांच्या जागेवरून उठवलंय." इथे सगळ्यांसमोर रडू आलं, काय करणार.

मागच्या रांगेत प्रतिभा पदर तोंडाला लावून बसली होती. खांदे हलत होते. बिचारीलाही रडू आवरलं नसावं.

मग सहा घरची माणसं एकदम बोलायला लागली. शेवटी ठरलं ते असं: चर पुन्हा खणायचा, वर फटी ठेवून दगडी फरश्या टाकायच्या. फूटपाथ निम्मा उतरवायचा, प्रतिभाच्या गुडघ्यांना विचारून. आणि तिघी पुन्हा करंजाखाली. मी म्हणालो, हे कागदात लिहा. तात्यांनी तोंड वाकडं केलं, पण लिहिलं.

७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी लताबाई करंजाखाली आली. आधी जागेवर पाणी शिंपडलं, झाडाला हात लावला, मग पाट्या मांडल्या. मी फाटकात उभा होतो. आता ती आभार मानील, मग आपण 'त्यात काय एवढं' म्हणावं, अशी तयारी करून.

ती रस्ता ओलांडून आली, माझ्या बाजूने सरळ पुढे गेली आणि आमच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या प्रतिभासमोर पहार ठेवली. स्वच्छ धुतलेली. माथ्याशी लाल 'वा', जरासा झिजलेला.

"ताई, ही तुमची. त्या दिवशी तुम्ही फाटकातून फेकली नसती, तर हातांनी काय फुटत होतं? गडबडीत आमच्या हातगाडीत राहिली."

मी प्रतिभाकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. तिचे खांदे कालच्यासारखेच हलायला लागले, आणि आता मला कळलं की काल ती रडत नव्हती.

"तू दिलीस?"

"मग कोण? तुम्हीच तर सांगितलंत सभेत, आमच्या घरातूनच दिलेली म्हणून."

जन्मात एकदा छातीठोक खोटं बोललो, तेही बायकोने आठ दिवस आधीच खरं करून ठेवलेलं.

लताबाईने मेथीची एक जुडी माझ्या हातात दिली. "साहेब, बसा. निवडा," म्हणाली. बसलो. अर्धी जुडी निवडली, देठं जास्त राहिली म्हणून बोलणी खाल्ली. मग पहार जिन्याखाली नेऊन ठेवली, लाल रंगाचा डबा शोधला, आणि 'वा'च्या आधी 'प्र' काढला.